ट्रस्ट मोडला, आता घराचे

मी, श्रीमती सरोजिनी शामकांत राजूरकर, वय अठ्ठ्याहत्तर, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार संगमनेर, जिल्हा अहिल्यानगर, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणी हात धरून न लिहवता, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. शुद्धीचा डॉक्टरी दाखला जोडला आहे. पुतण्या शौनक त्यावरही शंका घेईल. खुशाल घेऊ दे.

१. आधी ट्रस्टचे. सासऱ्यांनी हे राहते घर आणि नाशिक-पुणे रस्त्यावरचे तीन गाळे कौटुंबिक ट्रस्टमध्ये घातले. भाड्यातून कुटुंबातल्या कोणाला, किती द्यायचे, हे गरज पाहून विश्वस्ताने ठरवायचे. पुढे विश्वस्त झाले मी. झाले! आमच्या खात्यापित्या घराण्याला भिकेचे डोहाळे लागले. शौनक नवी गाडी कोपऱ्यावरच्या गिरणीमागे लपवून उसवलेल्या शर्टात यायचा. नणंद पुष्पावती वन्सं फाटकापासूनच खोकायला लागायच्या. आणि मला खूश करायला काय, तर शौनककडून डब्बे भरभरून डिंकाचे लाडू! इतके लाडू मी बाळंतपणातही खाल्ले नव्हते.

२. अपूर्वाने तेवढे कधी काही मागितले नाही. ती माझ्या मुलाची, सुनीलची, पहिली बायको. घटस्फोटानंतर सुनीलने पुण्यात दुसरा संसार मांडला, ही माझ्याजवळच राहिली. माझ्या गुडघ्यांचे ऑपरेशन झाले तेव्हा मला उठवणारी-बसवणारी हीच. तिच्या बी.एड.ची फी मी ट्रस्टमधून भरली आणि शौनकने दावा ठोकला: घटस्फोटित सून कुटुंबात मोडत नाही, सबब ती लाभार्थी नाही, या घरात राहण्याचाही तिला हक्क नाही. मग तारखांवर तारखा. कोर्टाच्या व्हरांड्यात बसून मी अख्ख्या खानदानाचे स्वेटर विणले, शौनकचासुद्धा.

एक दिवस अपूर्वाने बॅग भरली. म्हणाली, "आई, माझ्यापायी तुमचं घर कोर्टात नको. मी जाते." असा संताप आला मला! म्हटले, "बस खाली. मेथी निवड."

३. शेवटी मीच म्हटले, मोडू या हा ट्रस्ट. सगळे लाभार्थी सज्ञान, सगळ्यांची संमती, मग मोडता येतो, असे वकील म्हणाले. एकेक गाळा शौनक, वन्सं आणि सुनील यांना, घर माझ्या एकटीच्या मालकीचे. अपूर्वा लाभार्थी नाही, हे शौनकचे म्हणणेही मी मान्य केले. तो इतका हरखला की पेढे घेऊन आला, आणि गाडी पहिल्यांदाच थेट दारात लावली. कोर्टाने तडजोड मंजूर केली. ट्रस्ट संपला, आणि द्यायचे ते कुटुंबातल्याच माणसाला, ही त्याची अटही संपली. पेढ्यांच्या नादात हे शौनकच्या लक्षात आले नाही.

४. सबब हे राहते घर, आतल्या सामानासह, मी अपूर्वाला पूर्ण मालकी हक्काने देते. तिला कोणी बाहेर काढू नये. तिनेही दारात आलेल्या कोणाला चहा नाकारू नये, मग तो दावा ठोकणारा का असेना. सुनीलची हरकत नाही. "आई, तिलाच दे," असे तो स्वतः म्हणाला. तेवढ्यासाठी त्याला मी बरेच काही माफ केले आहे.

वन्संना माझी जांभळी पैठणी द्यावी. शौनकला लाडवांचे रिकामे डबे परत करावेत, पण त्यात काहीतरी गोड घालून.

५. स्वयंपाकघरातले पाण्याचे स्टीलचे पिंप नवे आहे. त्यावर नाव घालायला बाजारातला कानिफनाथ मशीन घेऊन घरी आला होता. हात थांबवून विचारतो, "बाई, नातं काय घालू? सून म्हनावं तर आता न्हाई, लेक म्हनावं तर तीबी न्हाई. कोर्टात काय ठरलं?"

मी म्हटले, "कोर्टाचं राहू दे. 'आमची अपूर्वा' एवढंच घाल."

अपूर्वा ओट्याकडे तोंड करून रडली. मीही रडले, आणि फार बरे वाटले. हे पिंप कोणी जागचे हलवू नये.

ठिकाण: संगमनेर. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५.

सही: सरोजिनी शा. राजूरकर

साक्षीदार, दोघांनीही माझ्यासमक्ष सही केली:

१. डॉ. राजनंदिनी थोरात, संगमनेर. बाई शुद्धीवर आहेत. तपासताना त्यांनी माझेच शुद्धलेखन सुधारले.

२. कानिफनाथ कारभारी गुंजाळ, भांड्यांवर नावे घालणारा, संगमनेर. पिंपावरचं नाव मी सोता घातलं हाय. ते आता पुसत न्हाई.