फॉर्मवर मी केलेली फुली

पप्पा, मास्टरचं याग्डशाइन गेलं. म्हणजे शिकारीचं लायसन्स. तुझा मास्टर, म्हणजे फोरमन, र्युसेल्सहाइमच्या गाड्यांच्या प्लांटमध्ये तुझ्याबरोबर होता तो, जो सोमवारी तुला हरणाचं सॉसेज आणून द्यायचा आणि तू ते आईला न सांगता गाडीतच खाऊन यायचास. त्याचं लायसन्स गेलं, ते माझ्यामुळे गेलं, आणि हे त्याला माहीत नाही.

तुला मधलं काहीच माहीत नाही, म्हणून सांगते. तू गेलास तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आता एकोणीसची आहे. शाळा मी नववीनंतर सोडली. इथे जर्मनीत अर्धे मार्क वर्गात बोलण्याचे असतात आणि मी बोलतच नव्हते. आईने रागावून बघितलं, रडून बघितलं, मग सोडून दिलं. ती एअरपोर्टच्या किचनमध्ये काम करून इतकी दमलेली असते. तेव्हा मास्टर रिटायर होऊन टाउनुसच्या डोंगरात राहायला आला होता. त्याने रेव्हियर घेतलं होतं, म्हणजे शिकारीचे हक्क असलेला जंगलाचा तुकडा, आणि घरात वरच्या चार खोल्या बाहेरच्या देशांतून येणाऱ्या शिकाऱ्यांसाठी ठेवल्या होत्या. तो आईला म्हणाला, "मुलीला माझ्याकडे पाठवा. बोलत नाही तर नाही, हरणं तरी कुठे बोलतात."

माझं काम कागदांचं. पाहुण्याला इथे शिकार करायची तर स्वतःच्या देशाचं शिकारीचं लायसन्स लागतं, शिवाय पासपोर्ट आणि इन्शुरन्स. मग जिल्ह्याचं ऑफिस चौदा दिवसांचं याग्डशाइन देतं. मास्टरकडे नियम असा की आधी टार्गेटवर गोळी मारून दाखवायची, तो बरोबर असल्याशिवाय जंगलात पाऊल टाकायचं नाही, आणि तो बोट दाखवेल तेच जनावर मारायचं. फॉर्म मी भरते, सही तो करतो. पहिल्या वर्षी तो वाचून सही करायचा, नंतर नुसती सही.

तुझ्यासाठी पण त्याने हे सगळं विचारून आणलं होतं, आठवतं? तो आपल्या किचनमध्ये टोपी हातात धरून उभा आहे आणि सांगतोय की भारतात शिकारीवर बंदी आहे, तिकडे लायसन्सच मिळत नाही, मग इथलं ऑफिस कशावर देणार? तू हसतोयस. "म्हणजे मी जन्मभर नुसता बघणार." आई कणीक मळता मळता म्हणाली, "बरंच झालं. रोज सकाळी पंचशील म्हणायचं आणि संध्याकाळी निघाले हे हरणं मारायला." तू म्हणालास, "अगं, मारतंय कोण, बघायलाच चाललोय." आणि मला घेऊन गेलास.

होखझित्स, म्हणजे इथलं मचाण, मला तेव्हा घरासारखा वाटला होता. जंगलाच्या कडेला उंच शिडी, वर लाकडी खोली, त्यात एक बाक. तू मला तुझ्या जॅकेटमध्ये घेतलंस. तासभर आपण तिघं श्वास पण हळू घेत होतो. मग तो हिर्श बाहेर आला. आपल्या सांबराएवढा, शिंगांना ओलं गवत अडकलेलं. तुझा हात माझ्या खांद्यावर घट्ट होतो. मास्टर बंदूक उचलतो. आणि मी मोठ्याने बोलते, "पप्पा, शू लागली."

हिर्श गेला. मास्टर हसला, तू नाही हसलास. शिडी उतरल्यावर म्हणालास, "शाळेत टीचर विचारतात तेव्हा तोंड उघडत नाहीस, आणि नेमकं इथे उघडतेस. एक दिवस तरी गप्प बसायचं होतंस." मग हळूच म्हणालास, "आता परत थोडाच बोलावणार आहे तो." बोलावलं होतं त्याने, नोव्हेंबरसाठी. ऑक्टोबरमध्ये तुझं हार्ट थांबलं.

या सप्टेंबरमध्ये एक काका शिकारीला आले. पुण्याचे, मुलगा फ्रँकफर्टला आयटीत. आल्या आल्या बॅगेतून चिवडा काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "कोण गं तू, इकडे जंगलात काय करतेस?" पप्पा, त्या घरात माझ्याशी मराठीत कुणीच बोललं नव्हतं. मग त्यांनी परवान्याची पुस्तिका दिली. मी वाचली. पिकाच्या रक्षणासाठी बंदूक ठेवायचा परवाना होता. मी म्हटलं, "काका, हे बंदुकीचं लायसन्स आहे, शिकारीचं नाही."

"अगं तेच ते. बंदूक काय पूजेला ठेवतात? वेगळं लायसन्स आमच्याकडे देतच नाहीत, मग आम्ही काय नुसतं बघायचं? तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे मी. तू सांगितलंस तर ऐकतील ते."

मास्टर दारात आला. त्याने पुस्तिका उलटसुलट करून पाहिली, त्याला काय कळणार. मला म्हणाला, "तुझ्या वडिलांच्या वेळी तिकडे मिळत नव्हतं. आता देतात?" मी "हो" म्हणून मान हलवली. तो खूश झाला. "शाडं," म्हणाला, म्हणजे अरेरे, "त्याला मिळायला हवं होतं." मी फॉर्मवर शिकारीच्या लायसन्ससमोरच्या चौकोनात फुली केली, इथे "हो"साठी फुलीच करतात, आणि लिहिलं, कागद पाहिला. ऑफिस मास्टरला वीस वर्षं ओळखतं, त्यांनी जास्त विचारलं नाही. काका नाहीत, तूच वर बसणार आहेस, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

टार्गेटवर काकांनी गोळी नीट मारली. तिसऱ्या संध्याकाळी मास्टरने बोट दाखवायच्या आधीच काकांनी गोळी झाडली. हिर्शचा जबडा फुटला आणि तो तसाच पळाला. दुसऱ्या दिवशी दुपारी एक माणूस माग काढणारा कुत्रा घेऊन आला, तेव्हा सापडला. जिवंत होता. मास्टरने त्याला संपवलं. इथे मेलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी फांदी ठेवतात, शेवटचा घास म्हणून. मास्टर फांदी ठेवायचा आणि ती पडायची, कारण धरायला जबडाच नव्हता. तीनदा ठेवली. मारणाऱ्याला पण एक फांदी देतात, टोपीत खोचायला. ती त्याने काकांना दिली नाही. काका मला म्हणाले, "एवढं काय त्यात, जनावरच आहे."

कुत्रेवाल्याने काकांचे कागद बघायला मागितले. मग ऑफिसने पुस्तिकेचं भाषांतर करून घेतलं. तोपर्यंत काका पुण्याला पोचले होते. मास्टरने ऑफिसमध्ये सांगितलं, सही माझी आहे, चूक माझी. लायसन्स गेलं, बंदुका गेल्या, रेव्हियर मार्चमध्ये दुसऱ्याला जाणार. मला म्हणाला, "तुला पण फसवलं त्या माणसाने." आणि माझं त्सॉइग्निस, म्हणजे कामाचं सर्टिफिकेट, लिहून दिलं, पुढच्या नोकरीला दाखवायला. त्यात लिहिलंय की मी कमी बोलते, पण माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवता येतो.

ऑफिसच्या निर्णयावर हरकत घ्यायची मुदत आज बारापर्यंत आहे. तो घेणार नाही म्हणतो. मी लिहून दिलं असतं की मला माहीत होतं, मी त्याच्याशी खोटं बोलले, तर कदाचित त्याचं लायसन्स वाचलं असतं. सकाळी सातला त्यासाठीच बसले. वर ऑफिसचा पत्ता पण लिहिला होता. मग ते पान काढून तुला लिहायला घेतलं, कारण हे कुठे पाठवायचं नसतं. आता साडेबारा वाजलेत. मास्टर अंगणात शिडीच्या फळ्या सुट्या करतोय. मधेच वर खिडकीकडे बघून त्याने हात केला, मी पण केला. हे पान पाहुण्यांच्या नियमांच्या फाइलमध्ये मागे लावून ठेवते. ती फाइल आता कुणी उघडणार नाही.

त्या दिवशी मला शू लागली नव्हती, पप्पा.