बाबांचा चर्चचा ढोल

मिल्डुरा, रविवार

प्रिय सेरेइमाताई, देव तुम्हा सगळ्यांना सांभाळो.

मंगळवारी पहाटेच उठलो आणि बाबा चर्चचा लाकडी ढोल वाजवायचे तसा संत्र्यांच्या रिकाम्या खोक्यावर ठेका धरला. शेजारच्या खाटेवरून माझ्यासोबत संत्री तोडणारा अपिसाई म्हणाला, "अरे जोसातेकी, हे तुझं गाव लेवुका नाही. झोपू दे की."

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. बाबा गेल्यापासून आईनं मासे सोडलेत; परत खायला लागली का?

बाबा गेल्याच्या शंभराव्या दिवशी वाचायला चार शब्द पाठव, म्हणालीस. चार कागद फाडले. चाळीस वर्षं लोकांना प्रार्थनेला बोलवायला त्यांनी ढोल वाजवला, हे गावाला ठाऊक आहे. पण आपलं शेवटचं पोर घराच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत ते ढोल थांबवत नसत, हे आपल्यालाच ठाऊक. ते पोर बहुतेक मीच असायचो.

गेल्या वर्षी पाद्री त्यांना म्हणाले, "पुरे आता, सगळे आले." त्यावर बाबा म्हणाले, "अजून नाही." परवा फोनवर हे तू हसत सांगितलंस. तेव्हापासून प्रार्थनेतही मन लागत नाही. "हा हंगाम संपला की येतो," असं मी त्यांना चार हंगाम सांगत होतो.

ते चार शब्द लिहून पाठवत नाही. काल मालकाला सांगून काम सोडलं आणि विमानाचं तिकीट काढलं. शुक्रवारच्या बोटीनं बेटावर येतोय.

तुझा धाकटा,
जोसातेकी