बेल वाजायच्या आधी

आई,

सापडलं! आधी हेच सांगते, बाकीचं मागून. घरातलं वायफाय गेला महिनाभर माझ्या जिवाशी खेळत होतं आणि आज त्याचा फॉल्ट मी माझ्या हातांनी पकडला. वायफाय म्हणजे काय ते तुला सांगायला हवं, कारण तू गेलीस तेव्हा इंटरनेट म्हणजे भोसरीच्या नाक्यावरचा सायबर कॅफे, तोही तू कधी आतून पाहिला नव्हतास. आता ते घरी येतं. बाहेरून एक बारीक वायर येते ती दाराजवळच्या छोट्या डब्यात शिरते, त्या डब्यातून दुसरी वायर हॉलमधल्या राउटरला जाते आणि तिथून पुढे सगळा कारभार हवेतून, वायरीशिवाय, थेट माझ्या लॅपटॉपपर्यंत. वायरीशिवाय कसलं कनेक्शन गं, उगाच फेकू नकोस, असं तू म्हणाली असतीस. आणि गंमत ऐक, घोटाळा शेवटी वायरीतच निघाला.

हे एवढं जिवावर का बेतलं होतं तेही सांगते. घरात आता बाबा आणि मी दोघंच. बाबा पावसाळ्यात बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, पण दिवसभर एकटे राहण्यासारखे नाहीत. माझं ऑफिस हिंजवडीला. कंपनीची कॅब सकाळी उजाडता उजाडता उचलते आणि त्या ट्रॅफिकमधून घरी आणून सोडते तेव्हा दिवेलागण कधीच होऊन गेलेली असते. बाबांसाठी म्हणून मी घरून काम करायची परवानगी मागून घेतली. मीटिंग सुरू झाली की मी आतल्या खोलीचं दार लावते, कानांवर मोठे हेडफोन चढवते, मग घरात हत्ती फिरला तरी मला कळत नाही. आणि नेमकं त्या मीटिंगमध्येच नेट जायला लागलं. एरवी नाही! एरवी मी दिवसभर काम करते, बाबा मोबाइलवर कुस्त्या बघतात, सगळं सुरळीत. मी बोलायला तोंड उघडलं की थोड्या वेळात स्क्रीनवर माझं ते उघडं तोंड तसंच गोठलेलं. गेल्या आठवड्यात मॅनेजर म्हणाला, "घरून जमत नसेल तर सोमवारपासून ऑफिसला या. गुरुवारच्या डेमोला बघू, तो शेवटचा." क्लायंटसमोर आमचं काम दाखवायचं, त्याला डेमो म्हणतात. आज तो गुरुवार होता. तुझ्या कंपनीच्या सुट्टीचा वार.

या महिनाभरात मी काय काय केलं ते ऐकून तू कपाळाला हात लावला असतास. कस्टमर केअरवाली दर वेळी तेच सांगायची, राउटर बंद करून चालू करा. मी करायचे. शेजाऱ्यांच्या वायफायशी आपलं भांडत असेल म्हणून चॅनेल बदलला. मायक्रोवेव्हचा प्लग काढला. राउटर टीव्हीवरून कपाटावर, कपाटावरून फ्रीजवर, सगळं घर फिरवून आणला. शेवटी नेटच्या कंपनीचा माणूस आला, लातूरकडचा, बोलायला फार गोड. त्याने मोबाइलवर आकडे पाहिले आणि म्हणाला, "सिग्नल एकदम बराबर यायलंय की मॅडम. तरीबी तुमच्या समाधानासाठी राउटर नवा बसवून देतो बघा." बाबांनी खुर्चीत बसल्या बसल्या त्याला चहा पाजला आणि सल्लाही दिला, "आख्ख्या बिल्डिंगीचा लोड हाय ह्यो, एका बशीत शंभर माणसं कोंबल्यावर काय हुणार?" नवा राउटर लागला. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये नेट गेलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

आज सकाळी डेमोच्या आधी ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर रंगीत तालीम करत होते, तीही मध्येच गोठली. मी अशी चिडले की उठून सगळ्या वायरी उपटायला निघाले. मूठ भरून वायरी हातात घेतल्या आणि तुझा आवाज आला. खरंच आला, कानाजवळ. "सगळं उपटू नगंस. एका टोकाला हात लाव."

तुझ्या कंपनीतला तो दसरा तुला आठवतो? पूजेला घरच्यांना आत सोडायचे. शेडमध्ये झेंडूच्या माळा, पेढ्यांचे खोके आणि मधोमध उभ्या फळ्यांवर पसरलेल्या लाल, निळ्या, पिवळ्या वायरी. गाडीच्या पोटातून दिव्यांपर्यंत आणि हॉर्नपर्यंत जाणारे वायरींचे जुडगे तुम्ही बायका तिथे हाताने बांधायचात. तू माझ्या हातात एक कनेक्टर देतेस आणि म्हणतेस, बसव. मी दाबते. बसला, म्हणते. "आवाज आला?" तू विचारतेस. आला असेल, मी म्हणते. आणि तू सगळ्यांसमोर, पूजेच्या दिवशी, नव्या फ्रॉकमधल्या मला फैलावर घेतेस, "असंल? असंलवर गाडी चालत न्हाई, बाई. घाटात दिवं गेलं तर डायवर काय असंल असंल करत बसंल? दाब, ऐक, मग वढून बघ. हातात आला तर बसलाच नव्हता." सगळ्या बायका हसल्या, आणि सगळ्यात मोठ्याने हसले बाबा, कारण डायवर तेच, कंपनीची बस चालवणारे. मी पेढा हातात धरून पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडले होते.

पण दुसऱ्या दिवशी तू टाकाऊ कनेक्टर सुपरवायझरला विचारून घरी घेऊन आलीस. ओट्यावर भाकरीच्या परातीशेजारी ते मांडलेस आणि एका हाताने भाकरी थापत मला शिकवत राहिलीस. दाब, टक् ऐक, ओढ. वायर बिघडली तर एका टोकाला हात लावायचा तो दुसऱ्या टोकापर्यंत उचलायचा नाही. आणि तुझं सर्वांत लाडकं वाक्य, "फॉल्ट घावला म्हणायचं कवा? तोच फॉल्ट डोळ्याम्होरं परत झाला की मग." मला भाकरी नीट आलीच नाही, पण हे आलं.

तर मी मूठ सोडली आणि दारापाशी गेले. चपलांच्या रॅकवर तो डबा ठेवलेला आहे. बाहेरून येणारी बारीक वायर दाबली. टक्. ओढली, हलली नाही. पुढची, डब्यातून राउटरला जाणारी. दाबली. आवाज नाही. पुन्हा दाबली, कान लावून. नाही! ओढली आणि ती अलगद माझ्या हातात आली, लोण्यातून सुरी यावी तशी. टोकाला प्लास्टिकची बारीक जीभ असते ना, ती मोडलेली. दिवाळीच्या साफसफाईत मोडली असेल. हो, असेल, बोल आता. आई, मी तिथे चपलांच्या ढिगात बसून ओरडले, सापडलं! बाबा आतून म्हणाले, "काय घावलं? माझा चष्मा का?"

पण तुझं लाडकं वाक्य डोक्यातून जाईना. जीभ मोडलेली वायर तशीच परत खोचली तर डब्यावरचा हिरवा दिवा शांतपणे लागून राहिला. मग ती मीटिंगमध्येच का निसटते? वायरीला माझी मीटिंग कशी कळते? म्हणून मी मैत्रिणीला पुन्हा व्हिडिओ कॉल लावला, तालीम पहिल्यापासून सुरू केली, फक्त या वेळी आतल्या खोलीचं दार उघडं ठेवलं आणि हेडफोन गळ्यात. बोलत राहिले आणि बघत राहिले.

बाबा कुस्ती बघत होते. माझा मीटिंगचा आवाज कानावर पडला तसा त्यांनी मोबाइल बंद केला. काठी घेतली, हळूच उठले, आणि काठीचा आवाज होऊ नये म्हणून ती उचलून धरत, भिंतीला हात लावत लावत दारापाशी गेले. ज्या माणसाला एकट्याने उठू नका म्हणून मी दिवसातून दहा वेळा बजावते, तो माणूस! दार किलकिलं केलं आणि रॅकवर हात टेकून उभे राहिले, पहाऱ्याला. रॅक कलला. डब्यावरचा हिरवा दिवा लाल झाला आणि माझी मैत्रीण स्क्रीनवर गोठली. तेवढ्यात जिन्यावर कुरिअरवाला आला. बाबांनी तोंडावर बोट ठेवलं, "श्श! बेल वाजवू नगंस बाबा. पोरीची मीटिंग चाललीया."

मी उठलेच नाही, खुर्चीतच बसून राहिले. तोच फॉल्ट माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा झाला होता, आणि मला हसू फुटत होतं. कारण हे मी आधी पाहिलेलं आहे. आपली ती भोसरीतली भाड्याची खोली. तू पहिली पाळी करून येतेस, चार घास खातेस आणि घटकाभर आडवी होतेस. बाबा दुपारची बस लावून आलेले असतात. ते उंबऱ्यात पाट टाकून बसतात आणि भाजीवाली, भंगारवाला, शेजारची पोरं, सगळ्यांना तोंडावर बोट ठेवून परतवतात. त्यांचं ते श्श भाजीवालीच्या आरोळीपेक्षा मोठं असायचं!

मग पुढचं सगळं झपाट्याने झालं. नव्या राउटरच्या खोक्यात नवी वायर पिशवीत तशीच पडलेली होती, लातूरवाल्याने लावायचे कष्ट घेतले नव्हते. दाबली. टक्! इतका सुंदर आवाज मी वर्षात ऐकला नव्हता. ओढली, जागची हलली नाही. डबा रॅकवरून उचलून भिंतीतल्या खिळ्याला टांगला आणि वायरीला तू ठेवायचीस तशी थोडी ढील ठेवून बांधली. रॅकच्या शेजारी एक भक्कम खुर्ची आणून ठेवली. बाबांनी विचारलं, "ही हितं कशाला?" चपला घालताना बसायला, मी म्हणाले. गेले कित्येक महिने ते चपला घालून कुठेही गेलेले नाहीत, पण त्यांनी मान डोलावली.

डेमो सुरू झाला. दार मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं. मी बोलतेय, क्लायंट ऐकतोय, आणि बाबा उठले. माझा जीव टांगणीला. दारापाशी गेले, खुर्चीकडे पाहिलंसुद्धा नाही, रॅकवर हात टेकला. रॅक कलला. दिवा हिरवा! मी बोलतच राहिले, आवाज इतका चढला की मॅनेजरने मला मेसेज केला, जरा हळू. दिवा हिरवा तो हिरवाच. संपल्यावर क्लायंटने दोन शंका विचारल्या, मी उत्तरं दिली, आणि मॅनेजरचा दुसरा मेसेज आला, सोमवारी यायची गरज नाही, घरूनच चालू ठेवा. मी लॅपटॉप बंद करून अक्षरशः नाचले. बाबा दारातून बघत होते. "काय झालतं गं त्या नेटला?" त्यांनी विचारलं. वायर होती बाबा, साधी वायर, मी म्हणाले. "मी म्हणत हुतो, लोडच हाय," ते म्हणाले आणि खुश होऊन कुस्ती लावून बसले.

हे सगळं तुला सांगावंसं वाटलं म्हणून लिहायला बसले, लिहून झालं की लॅपटॉप मिटून टाकणार. पण एक राहिलंच. त्या खोलीत, मी लहान असताना, एका दुपारी मी तुझ्याजवळ झोपले होते. बाहेर बाबा कोणावर तरी श्श करून ओरडले. मी मान वळवून पाहिलं तर तू टक्क जागी होतीस आणि आढ्याकडे बघत हसत होतीस. मी काही बोलणार तेवढ्यात तू तोंडावर बोट ठेवलंस. मी ते त्यांना कधीच सांगितलं नाही. आणि आज मला हेही सांगता आलं नाही की हेडफोन लावल्यावर मला बेल ऐकूच येत नाही.