फिल्टर बदलल्याची तारीख

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
१७ नोव्हेंबर २०२४

ती. विभाताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी सगळं हसण्यावारी नेतो ही तुझी तक्रार, आणि जन्मभर पोस्टात काढलेल्या बाईला व्हॉट्सअ‍ॅप पाठवायची माझी हिंमत नाही, म्हणून हे पत्र. आम्ही सगळे ठीक. उर्मिलेची शाळेतली नोकरी चालू आहे. बारावीतली केया आमच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देते.

एक वाईट बातमी आहे. आमच्या कंपनीच्या फुजैराच्या बोटीवर शौकत नावाचे डायव्हिंग गाइड होते. पाहुण्यांना समुद्राखाली नेऊन कासवं दाखवायचे. आपल्या साखरतरचे, वय सेहेचाळीस, इथे एकोणीस वर्षं. नऊ तारखेच्या शनिवारी दुसऱ्या फेरीत पाण्याखालीच बेशुद्ध पडले. वर आणेपर्यंत सगळं संपलं होतं. बरोबरच्या दोन पाहुण्यांना उलट्या झाल्या. त्या बोट लागल्यामुळे झाल्या, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं.

पोलिसांनी सामान नेलंच, पण कंपनीनेही स्वतःची चौकशी समिती नेमली. मॅनेजर रुहान अध्यक्ष, मालकांचे मेहुणे सदस्य, आणि सुरक्षेची कागदपत्रं बघतो म्हणून मी सचिव. पहिल्या बैठकीत दीड तास नावावर गेला. ‘अपघात’ शब्दाने दोष सूचित होतो म्हणून ‘घटना’ ठरलं, तेही जड वाटलं म्हणून शेवटी ‘प्रसंग’. दुसरी बैठक शौकतनी सकाळी काय खाल्लं होतं यावर. कुणीतरी बिर्याणी म्हणालं, ती मंजूर झाली. तिसऱ्या बैठकीत निष्कर्ष निघाला: भरपेट खाणं, वय, आणि त्रास होत असताना न सांगणं. त्याच बैठकीत त्यांना मरणोत्तर ‘महिन्याचा सेफ्टी हिरो’ जाहीर केलं. प्रमाणपत्र कुरिअरने गेलं आहे.

साखरतर तुला जवळ. त्यांच्या पत्नीला, झुबेदाभाभींना, एकदा भेटून येशील का? एवढं माझ्यासाठी कर. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
अनिल

*

रत्नागिरी
२ डिसेंबर २०२४

चि. अनिलास,
अ. उ. आ.

पत्र अकरा दिवसांत पोचलं. माझ्या वेळी आठात यायचं.

साखरतरला जाऊन आले. दफन होऊन पंधरवडा झाला, तरी घरात माणसांची ये-जा आहे. तुमचं प्रमाणपत्र कपाटावर उलटं ठेवलंय. दुबईतल्या एका ओळखीच्यांनी पाठवलं, एवढंच मी सांगितलं. झुबेदा हळू बोलते, पण नीट बोलते. म्हणाली, शौकत दोन आठवडे फोनवर सांगत होते की पाण्यातून वर आलं की डोकं ठणकतं, टाकीतल्या हवेला डिझेलच्या धुराचा वास येतो. तिने घाबरून विचारलं, तर तेच तिला समजावू लागले, की ऑफिसात कळवलंय, तिथे आपल्या रत्नागिरीचे अनिल साहेब आहेत, त्यांनी स्वतः लिहून घेतलंय, आता काळजी नाही.

त्या अनिल साहेबांना तिने दुआ दिली. मी पुढ्यातला चहा प्यायले आणि तू माझा भाऊ आहेस हे सांगितलं नाही.

तुझं पत्र पुन्हा वाचलं. समितीच्या तिन्ही बैठका आहेत, बिर्याणी आहे, ही तक्रार कुठेच नाही. तू लिहून घेतलंस त्याचं पुढे काय केलंस ते कळव. विनोद न करता कळव.

केयाला म्हणावं, आत्याला इंग्रजीत का होईना, दोन ओळी लिही.

तुझी,
विभाताई

*

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
१५ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तक्रार २४ ऑक्टोबरला आली. मी तिला नंबर दिला. आमच्या मासिक अहवालात ‘उघड्या तक्रारी’ असा रकाना असतो आणि तिथे शून्य लागतं. शून्य असलं की कंपनीच्या नावापुढे हिरवा ठिपका येतो. महिना संपत आला होता. मी फुजैराला मेकॅनिकला फोन करून विचारलं की टाक्यांत हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा फिल्टर बदलणार का. तो इन्शाल्ला म्हणाला. मी ते ‘बदलला’ असं धरलं आणि तक्रार बंद केली.

तो कॉम्प्रेसर जनरेटरच्या शेजारी आहे. फिल्टर गेला की जनरेटरचा धूर टाकीत जातो. हे मला आता कळलं. फिल्टर तपासल्याच्या फॉर्मवर चार महिने मी अल कुसैसच्या ऑफिसात बसून सही करतोय, आणि फिल्टर तिथून दीड तासावर. तो दिसतो कसा हे मी परवा गूगलवर पाहिलं.

आता रुहानला ५ नोव्हेंबर तारखेचा एक फॉर्म हवा आहे, फिल्टर बदलल्याचा. म्हणतो, फक्त फाइल पूर्ण करायला. रोज मला हबीबी म्हणून हाक मारतो, जेवलास का विचारतो. सहा वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. व्हिसा कंपनीचा आहे, आणि फेब्रुवारीत केयाची बोर्डाची परीक्षा. उर्मिलेला अजून काही बोललो नाही. मी काय करू, तूच सांग.

अनिल

*

रत्नागिरी
४ जानेवारी २०२५

चि. अनिलास,
अ. उ. आ.

झुबेदाने परवा बोलावून घेतलं. कंपनीचं इंग्रजी पत्र आलंय, पोस्टातल्या बाई वाचून दाखवतील, असा निरोप होता. मी मराठी करत करत वाचलं: मृताने भरपेट खाल्लं होतं, वय झालं होतं, आजार लपवला होता, कंपनी दुःखात सहभागी आहे. खाली समितीच्या सचिवाची सही. ती मी ओळखते. प्रगतिपुस्तकावर बाबांची सही ठोकायचास, तेव्हापासून.

कागद खाली ठेवला आणि तिला सांगितलं की हे अनिल साहेब माझे धाकटे भाऊ.

तिने कागदाची घडी घातली. मला वाटलं उठायला सांगेल. मग म्हणाली की शौकत पाण्यात उतरायच्या दिवशी सकाळी कधीच जेवत नसत. कोरा चहा आणि त्यात बुडवून दोन बटर, एकोणीस वर्षं. तेवढं त्या लोकांना कळवा. बिर्याणी तर त्यांना आवडतही नव्हती.

काय करू, असं विचारतोस. मी तुला शिकवण्याच्या जागी नाही. एका साहेबाच्या अर्जावर मीही एकदा मागच्या तारखेचा शिक्का मारला होता. त्यात कुणी मेलं नाही, एवढाच फरक. हे आजवर तुझ्या भाऊजींनाही माहीत नाही.

तब्येतीला जप. उर्मिलेपासून लपवू नकोस.

विभाताई

*

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उर्मिलेला सांगितलं. आधी म्हणाली, केयाची परीक्षा होऊ दे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझा शर्ट इस्त्री करून ठेवला. मी शौकतच्या तक्रारीची नोंद, चार महिन्यांचे फॉर्म आणि ५ नोव्हेंबरचा फॉर्म मागणारे रुहानचे हबीबी-हबीबीचे मेसेज घेऊन फुजैराच्या पोलीस ठाण्यात गेलो.

अधिकारी हिंदी चांगलं बोलत होते. फॉर्मवर सही कुणी केली, असं विचारलं. मी म्हटलं, मी. त्यांनी मान वर करून पाहिलं. म्हणाले, तीन महिने हाच प्रश्न विचारतोय, आजवर प्रत्येकाने ‘टीमने’ असंच उत्तर दिलं.

पासपोर्ट त्यांच्याकडे जमा आहे. दुपारी कंपनीने मला काढलं. कारण लिहिलंय, परवानगीची प्रक्रिया न पाळता बाहेर माहिती देणे. प्रक्रिया पाळली नाही म्हणून कारवाई झालेला आमच्या कंपनीतला मी पहिला माणूस.

केयाने इंग्रजीत विचारलं की मला आधीपासून माहीत होतं का. मी हो म्हटलं. दोन दिवस ती माझ्याशी कुठल्याच भाषेत बोलली नाही. काल पेपराचं वेळापत्रक दाखवायला आली.

भाऊजींना यातलं काय सांगायचं ते तूच ठरव.

तुझा,
अनिल

*

दुबई
१४ एप्रिल २०२५

श्रीमती झुबेदाभाभी यांस,
सलाम.

मी अनिल शेट्ये, विभावरीताईंचा भाऊ. तुम्हाला आलेल्या पत्रावरची सही माझी होती. त्यात लिहिलेलं खोटं आहे.

प्रयोगशाळेच्या तपासणीनंतर पोलिसांचा अहवाल आला. शौकतभाईंच्या टाकीत विषारी धूर होता. फिल्टर आठ महिने बदललेला नव्हता. आमच्यावर खटला भरला आहे: मॅनेजरवर, मेकॅनिकवर आणि माझ्यावर. तारीख १९ मे. शौकतभाईंची काही चूक नव्हती, असं अहवालात स्पष्ट लिहिलं आहे. त्याची प्रत सोबत आहे.

त्यांनी सोळा दिवस आधी मला कळवलं होतं. त्याच दिवशी मी बोट थांबवली असती, तर ते आज असते.

पोलिसांपुढे जबाब देताना मी सांगितलं की ते सकाळी कोरा चहा आणि दोन बटर घेत. अधिकाऱ्यांनी विचारलं, याचा तपासाशी काय संबंध. मी म्हटलं, त्यांच्या घरून निरोप आहे. त्यांनी ते लिहून घेतलं.

पत्राच्या शेवटी लोभाची विनंती करतात. ती मी करत नाही.

अनिल