भिजलेलं हेल्मेट

दादा,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही. कारखान्याचा प्रमुख असताना तुला सैनिकांच्या हेल्मेटची एक चाचणी नकोशी होती. पाण्यात भिजवून गोळी झाडली की तुमची हेल्मेटं फुटत. चाचणी रद्द करा, असा अर्ज तू संरक्षण खात्याला केलास. पुढे त्याच खात्यात सल्लागार झालास आणि स्वतःचाच अर्ज मंजूर केलास. वर जेवताना म्हणालास, "अगं, युद्ध काय न्हाणीघरात होतं?" सगळे हसले.

तुझी भाची आता सीमेवर निघाली आहे. काल ते हेल्मेट घालून आरशासमोर उभी राहिली. "आई, मामानं पास केलंय. कशाला घाबरतेस?" मी तिला खरं सांगितलं. तिनं ते हळूच काढलं आणि विचारलं, "मग दुसरं कुठून आणू?"

आत्ताच वहिनीचा फोन आला. "उद्या यांच्या सत्कारात घरातून तुम्हीच बोला हं. तुमच्यासारखं कोण बोलणार?"

म्हणून हे पत्र पाठवत नाही. तू ते एकट्यानं वाचून फाडून टाकशील. उद्या मी येते, आणि पोरीचा प्रश्न भरल्या सभागृहात तुला विचारते.

तुझीच, दुर्दैवाने सख्खी,
धाकटी