उजव्या हाताचं पांढरं घर

मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, व्यवसायाने फार्मासिस्ट, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. सोमवारी माझं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. पण हे सांगताना ते खिडकीकडे बघत होते.

एक. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक नवरा आणि मुलगी यांना निम्मी निम्मी. औषधांचं दुकान मुलीला. ते तिनेच चालवावं अशी सक्ती नाही.

दोन. जेवणाच्या खोलीतलं भलंमोठं चित्र नणंदेला. नवऱ्याच्या चित्रकार मित्राने त्यात बुद्धिबळाचा पट काढून त्याला ‘विश्व’ म्हटलं आहे. पटाच्या ओळीत सातच घरं आहेत. मी विचारलं, तर म्हणाला, “वहिनी, आठवं घर म्हणजे प्रेक्षक.” नणंद येते तेव्हा चित्राचं तोंडभरून कौतुक करते. (हे कलम खवचटपणाने लिहिलं का? थोडंफार. राहू दे.)

तीन. माझ्या वडिलांचा बुद्धिबळाचा संच. मी त्यावरच खेळायला शिकले. नवऱ्याने ‘बुद्धिबळ आणि मानवी अस्तित्व’ या विषयावर पुस्तक लिहिल्यापासून तो दिवाणखान्यात काचेच्या पेटीत आहे, आणि चुकीचा मांडलेला आहे. खेळणाऱ्याच्या उजव्या हाताला, कोपऱ्यात पांढरं घर यायला हवं. तिथे काळं आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरही तेच. पुस्तकावर परिसंवाद झाला, विद्वान तासन्‌तास बोलले, पण कोपऱ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

नवऱ्याला सगळीकडे पट दिसतो. सिलिंडर लावायला सांगितला की तो प्यादं होतो. ऑपरेशनचं कळल्यावर त्याला मला पटावरची राणी म्हणायचं होतं, पण आपल्या पटावर राणी नसते, वजीर असतो. मग तो कोशात दुसरा शब्द शोधत बसला. माझ्याशी तो आजवर एकही डाव खेळलेला नाही. “खेळात अडकलं की अर्थ निसटतो,” म्हणतो. तो हरायला घाबरतो असं मला वाटतं. कदाचित हा अन्याय असेल. मला त्याच्याशी एक डाव खेळायचा होता, एवढंच.

सबब, संच मुलीला. नवऱ्याला तो हवा असल्यास त्याने तिच्याशी एक अख्खा डाव खेळावा, तोंडाने काहीही न समजावता.

ठिकाण: आमची जेवणाची खोली. शनिवार, दुपार.
सही.
साक्षीदार: शेजारचे दातांचे डॉक्टर (सही), वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशी (सही).

पुरवणी. वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवत असताना नवरा दारात येऊन उभा होता.

“उजवीकडे पांढरं?” त्याने विचारलं.

“हो.”

त्याने दिवाणखान्यात जाऊन काचेची पेटी उघडली, पट जेवणाच्या टेबलावर आणून फिरवला, मुलीकडून सोंगट्या लावून घेतल्या आणि माझ्यासमोर बसला. थोड्या वेळाने म्हणाला, “घोडा म्हणजे खरं तर...”

“बाबा, चाल कर,” मुलगी म्हणाली.

त्याने चाल केली. लवकरच त्याच्यावर मात झाली. आता काय ऐकावं लागणार म्हणून मी तयारीत बसले.

“सोमवारच्या आधी अजून एक होईल ना गं?” तो म्हणाला.

कलम तीन रद्द. पट आहे तिथेच, टेबलावर राहावा. जेवणं बाजूला सरकून करावीत.

पुन्हा सही.
दोन्ही साक्षीदार डाव संपेपर्यंत हलले नव्हते. त्यांच्याही पुन्हा सह्या.