खळ वाळायला किती दिवस लागतात?

माझ्या आईस,

परवा तुझं वर्षश्राद्ध झालं. जेवणं आटोपल्यावर वहिनीने खाकी कव्हर घातलेली एक वही माझ्या हातात ठेवली. "वन्सं, आईंच्या ट्रंकेत होती. इंग्रजी शब्द आहेत, म्हणजे तुमचीच असणार."

वही माझी नाही, आई. अक्षर तुझं आहे. म्हणून विचारायला बसले आहे.

मराठी चौथी झालेल्या बाईला इंग्रजी शब्द शिकवले कुणी? आधी बाबांवर संशय गेला. पण तुला घड्याळाची किल्ली द्यायला शिकवतानाही त्यांना धीर नव्हता!

मग जून आठवला. माझ्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकांना तू कव्हरं घालायचीस, मैद्याची खळ लावून. मी मागायला आले की ठरलेलं उत्तर, "थांब गं, खळ ओली आहे." आठ-आठ दिवस? मीही मुलांच्या पुस्तकांना कव्हरं घातली आहेत. खळ दुपारभरात वाळते!

आणि शब्द तरी कुठले निवडलेस! 'एज्युकेटेड : शिकलेला. कल्चर्ड : सुसंस्कृत. लर्नेड : विद्वान. उदा. हे, स्वतःच्या मते.' हे वाचून एकटीच हसले. हे सगळे आपल्या चहाच्या वेळचे शब्द. तुला कळू नये म्हणून बाबा आणि मी इंग्रजीत बोलायचो, तू मुकाट चहा गाळायचीस.

मग पुढचं पान उलटलं. 'रिफाइन्ड : उदा. काकू.' अर्थ लिहिलेलाच नाही.

मी सातवीत होते. शाळेने आयांना बोलावलं होतं. तू समोर असताना मी बाबांना इंग्रजीत म्हणाले, आई नको, काकूला पाठवा, ती रिफाइन्ड आहे. काकू बी. ए. झालेली, खांद्याला पर्स लावणारी. बाबा हसले. तू कपबशा उचलल्यास आणि मराठीत म्हणालीस, "उद्या मला भाजणी भाजायची आहे. शाळेत काकूला ने."

किती बरं वाटलं होतं मला!

पण आई, भाजणी तर तू आदल्याच आठवड्यात दळून आणली होतीस. डबा काठोकाठ भरलेला होता. हे मला आज आठवतंय, की तेव्हाही दिसलं होतं? आता स्वतःवरही विश्वास बसत नाही.

त्यानंतर तू माझ्या शाळेत कधीच आली नाहीस, बक्षीस समारंभालासुद्धा नाही. बोलली का नाहीस? एक थोबाडीत तरी द्यायचीस! उलट पुढच्या जूनला पुन्हा खळ शिजवलीस आणि पुस्तकं आठ दिवस ठेवून घेतलीस. राग आला होता ना? मग माझ्याच पुस्तकांतून शिकत कशी राहिलीस?

रविवारी कोथरूडला माझ्याकडे सगळे जमणार आहेत. थालीपिठं झाली की दादा सवयीने म्हणेल, "आईला शाळेचं कौतुकच नव्हतं. तिला आपली भाजणी बरी." इतकी वर्षं मीही मान डोलवत आले. या रविवारी त्याला मध्येच थांबवीन, वही त्याच्यापुढे ठेवीन आणि त्या दिवशी मी काय बोलले होते ते सांगेन. नातवंडांसमोर सांगेन, आणि मराठीत.

तुझी,
शशी